सीटमागचा डबा

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी, पहाटेच्या आंघोळीचं पाणी तापवायला सरपण आणावं म्हणून गोठ्यामागे गेलो. फाटक्या ताडपत्रीखाली लाकडं असतात हे लहानपणापासून माहीत. ताडपत्री उचलली तर लाकडांच्या आधी इंजिन ऑइलचे रिकामे डबे दिसले. पाच-पाच लिटरचे. मोजले, तर ९ निघाले.

मी सॉफ्टवेअरवाला. आकडा दिसला की भागाकार करायची खोड. पिकअप घेऊन सात महिने झाले होते आणि तेवढ्यात मीटर २६ हजार किलोमीटरच्या आसपास पुढे गेला होता. दोनदा ऑइल बदललं असेल, एका वेळी साडेसहा लिटर, म्हणजे १३ लिटर त्यात गेलं. ४५ मधून १३ वजा केले की उरले ३२. हे ३२ लिटर गेलं कुठे? गळती नव्हती. गाडी उभी राहते ती अंगणातली जागा सकाळीच सारवली होती, तिथे ऑइलचा एक थेंबही नव्हता. म्हणजे ते जळलं होतं. हिशेब ८०० किलोमीटरला एक लिटर पडला.

आणि ही गाडी पसंत केली होती मी.

थोडं मागचं सांगतो. आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, लाल मातीतलं. बटाटा, रताळी, कोबी, मिरची. आमच्या पट्ट्यातली भाजी रात्री निघते आणि पहाटे गोव्याच्या बाजारात असते, हे मंडळातल्या बहुतेकांना सांगायला नको. माझा चुलतभाऊ गावातली भाजी गोळा करून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी असं करत म्हापशाला नेतो. चार-पाच वर्षं दुसऱ्याच्या गाडीला भाडं देऊन धंदा केला. मग आप्पांनी, म्हणजे माझ्या काकांनी, ठेव मोडली, थोडं सोसायटीचं कर्ज काढलं आणि जुनी पिकअप घ्यायचं ठरलं. "तू शिकलेला हाईस, तू बघ," म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी पुण्याहून दोन शनिवार-रविवार त्यासाठी आलो.

कोल्हापूरला एक गाडी स्वस्तात मिळत होती. खरं ती एमएच-०९. तिकडून ना-हरकत आणायची, इकडे परत नंबर घ्यायचा, कर्नाटकचा टॅक्स नव्याने भरायचा. आमची भाषा एक, सोयरिकी एक, देव एक, पण गाडीचा टॅक्स वेगळा. म्हणून केए-२२ चीच शोधली. २०१८ ची, बीएस-४, किंमत ४ लाख ७० हजार. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण यात कंपनीचा काही दोष नाही.

त्या दिवशी मी काय काय तपासलं ते सांगतो, कारण तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. आरसी, फिटनेस, परमिट, विमा, कर्जाचा बोजा उतरला की नाही, चलनं थकलीत का, सगळं ऑनलाइन पाहिलं. पुण्याहून येताना ब्लूटूथचं छोटं यंत्र आणलं होतं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला ते जोडलं की इंजिनच्या कॉम्प्युटरमधल्या चुका मोबाइलवर दिसतात. एकही चूक नव्हती. पीयूसी ताजं. डिपस्टिक काढून पाहिली, तर ऑइल बरोब्बर वरच्या खुणेला आणि रंग मधासारखा. मी आप्पांना म्हणालो, "बघा, किती जपून ठेवलंय."

सीटमागे हात घातला तर तिथे ऑइलचा अर्धा डबा होता, आणि पाण्याची बाटली कापून केलेलं नरसाळं. मला वाटलं, माणूस काळजी घेणारा दिसतो.

आप्पा म्हणाले होते, मेस्त्रीला दाखवू. आमचा मेस्त्री त्या दोन दिवसांत जत्रेला पाहुण्यांकडे गेला होता. विकणारा म्हणत होता, उद्या दुसरं गिऱ्हाईक येणार आहे. मला सोमवारी ऑफिसला पोचायचं होतं. मीच म्हणालो, "मेस्त्री काय वेगळं बघणार? कॉम्प्युटरनं सगळं बघितलंय." हे वाक्य माझ्या तोंडचं आहे आणि आप्पांना ते अजून आठवतं.

डबे सापडले त्या रात्री मी भावाला गच्चीवर नेलं आणि विचारलं. तो आधी हसला. मग म्हणाला, "कशाला सांगूचं? तू एवढ्या लांबनं येऊन घेऊन दिलास. सांगितलो असतो तर तुला वाईट वाटलं असतं, आणि आप्पानं तुलाच बोललं असतं."

पहिल्या महिन्यात काही कळलं नव्हतं. ऑइल पहिल्यांदा बदलल्यावर खप दिसू लागला. मे महिन्यापासून तो दर दोन-तीन फेऱ्यांनंतर ऑइल ओतत होता, आणि रिकामे डबे ताडपत्रीखाली लपवत होता. श्रावणात एका पहाटे कणकुंबीच्या पुढे वळणावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. त्यानं लगेच इंजिन बंद केलं. पाऊस, धुकं, पायाला जळवा, मागे दीड टन माल. डिपस्टिक कोरडी. डब्यात जेमतेम लिटरभर. मागून येणाऱ्या शेजारच्या गावच्या गाडीवाल्यानं आणखी दोन लिटर दिलं म्हणून तो खाली उतरला. हे सगळं तो मला जणू कुणा तिसऱ्याच्या गाडीची गोष्ट असावी तसं सांगत होता.

तो लाल दिवा ऑइल कमी झालं म्हणून पेटत नाही, हे मला तेव्हा नीट कळलं. ऑइलचा दाब गेला की तो पेटतो. ऑइल तळाला गेलेलं असताना वळणावर ते एका बाजूला सरकतं, पंपाच्या तोंडात हवा जाते आणि दिवा लुकलुकतो. तो दिसला तेव्हा आपण खड्ड्याच्या काठावर नसतो, निम्मे आत गेलेले असतो. माझ्या ब्लूटूथच्या यंत्रालाही ऑइल किती जळतं हे दिसायचं कारण नव्हतं, कारण ते मोजणारा सेन्सरच त्या गाडीत नाही. जे मोजलंच जात नाही, त्याची नोंद कुठून येणार? रोज लॉग वाचून पोट भरणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं.

दिवाळी संपल्यावर मी चार दिवस रजा वाढवली. भावाबरोबर म्हापशाची फेरी करायची ठरवली, तीही नीट मोजून. सपाट जागी गाडी, इंजिन रात्रभर थंड, ऑइल बरोबर वरच्या खुणेपर्यंत भरलेलं. रात्री दीड वाजता भावानं चावी फिरवली तेव्हा मी मागे बॅटरी धरून उभा होतो. सायलेन्सरमधून निळसर धूर आला, दहा-बारा सेकंद राहिला आणि नाहीसा झाला. वास जळक्या तेलाचा. जी गोष्ट मी सात महिन्यांपूर्वी बघायला हवी होती, ती एवढीच होती. पण त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा गाडी धुऊन आणलेली होती आणि इंजिन गरम होतं. बॉनेटवर हात ठेवला असता तरी कळलं असतं.

काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, फिल्टर किंवा इंजेक्टर बघायचा. पांढरा म्हणजे बहुधा थंडी, नाहीतर कूलंट आत शिरतंय. निळा म्हणजे ऑइल. हे मला पुस्तकातलं माहीत होतं. बीईच्या पहिल्या वर्षी शाखा कोणतीही असो, मेकॅनिकलचा एक विषय असतोच. चार स्ट्रोकच्या इंजिनची आकृती मी इतकी सुबक काढली होती की सरांनी वर्गात दाखवली. पिस्टनवर साधारण तीन रिंगा असतात. वरच्या दोन दाब धरतात, खालची सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली पाठवते. हेही लिहिलं होतं. मार्कही मिळाले.

जाऊन-येऊन साधारण सव्वादोनशे किलोमीटर झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा त्याच जागी, पुन्हा थंड. औषधाच्या मापानं मोजत वरच्या खुणेपर्यंत ऑइल ओतलं. २९० मिली गेलं. माझा ताडपत्रीखालचा भागाकार जवळजवळ बरोबर होता.

मग मेस्त्रीकडे गेलो. मेस्त्री साठीचे, नाकावर चष्मा, कानात इअरफोन. त्यांनी आधी मला एकच प्रश्न विचारला, "घेताना सीटमागं काय होतं?" मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त चष्म्यावरून भावाकडे बघितलं.

इंजिन चालू ठेवून त्यांनी ऑइल भरायचं झाकण सैल केलं. झाकण जागेवर थरथरत नाचायला लागलं आणि भकभक वाफ आली. "बॅक मारतंय," ते म्हणाले. सिलेंडरमधला जळता वायू रिंगांच्या बाजूनं खाली निसटतो आणि ऑइलच्या टाकीतून वर येतो, त्याला हे नाव. मग टर्बोची नळी काढून आत बोट फिरवलं. किंचित ओलसर, वाहतं नाही. टर्बो वाचला होता. पाच-सात मिनिटं गाडी नुसती सुरू ठेवली आणि मग दाबली. त्यात फार धूर आला नाही, म्हणजे व्हॉल्व्हच्या सीलवरचा संशय कमी झाला. शेवटी चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. तिसरं बाकीच्यांपेक्षा बरंच खाली.

मी मधासारख्या ऑइलची गोष्ट सांगितली तेव्हा ते हसले. डिझेल इंजिनमधलं ऑइल थोड्याच दिवसांत काळं पडतं. ते काजळी पोटात घेतं, तेच त्याचं काम. काळं ऑइल हा दोष नव्हे. सोनेरी दिसलं तर ते एक-दोन दिवसांपूर्वी ओतलेलं आहे, आणि का ओतलं असावं हे विचारायचं. त्यांचं म्हणणं असं की, आम्हाला दाखवताना १५-डब्ल्यू-४० च्या जागी २०-डब्ल्यू-५० घातलं असणार. जाड ऑइल रिंगांच्या फटीतून सहज वर जात नाही, धूर दबतो, चार किलोमीटर रिकामी गाडी चालवून बघणाऱ्याला काही दिसत नाही. ते सिद्ध करायला माझ्याकडे आता काही नाही. पण पहिल्या महिन्यात खप का जाणवला नाही, याचं दुसरं कारण मला सुचत नाही.

मेस्त्रींनी आणखी एक गोष्ट नीट समजावली. ऑइल अजिबात न खाणारं इंजिन नसतं. गाडी ३००० आरपीएमवर असताना एकेक पिस्टन सेकंदाला १०० वेळा भिंतीवरून खाली किंवा वर सरकतो. दर खेपेला तेलाचा पातळ थर मागे राहतो, त्यातला थोडा जळतोच. काही कंपन्यांच्या पुस्तकांत तर हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंतचा खप चालतो असं छापलेलं असतं. मेस्त्रींचं माप त्याहून कडक. दोन सर्व्हिसिंगमध्ये वरून ओतावं लागलं नाही तर उत्तम. हजाराला अर्धा लिटर जात असेल तर लक्ष ठेवा. लिटर जायला लागलं तर इंजिन उघडा. "आणि आज लिटर हाय म्हणून उद्याबी लिटरच ऱ्हाईल असं समजू नका," असंही म्हणाले.

खर्च सांगितला ५५ ते ६० हजार. पिस्टन, रिंगा, लायनर, बेअरिंग, गॅस्केट, लेथचं काम, मजुरी. गाडी आठ-दहा दिवस उभी.

त्या रात्री मी लॅपटॉप उघडला. महिन्याला साधारण पाच लिटर ऑइल जळतं, त्याचे २ हजार रुपये. ६० हजार भागिले २ हजार, ३० महिने. म्हणजे दुरुस्तीपेक्षा ओतत राहणं अडीच वर्षं स्वस्त पडतं! भाऊ डबे लपवत होता तेव्हा त्याचा हिशेब व्यापारी म्हणून चुकीचा नव्हताच. चूक होती ती सरळ रेषेत. रिंगा झिजत जातात तसा खप वाढतो. शिवाय ब्रीदरची नळी इंजिनच्या हवेच्या वाटेलाच जोडलेली असते. ऑइलची वाफ त्या वाटेनं परत आत जाते. हे फार वाढलं तर डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळायला लागतं, आणि मग चावी काढली तरी बंद होत नाही. चोर्ल्याच्या उतारावर असं झालं तर? तो कॉलम माझ्या एक्सेलमध्ये नव्हता.

आता जे सांगतो ते लिहायला जरा जड जातं. दुसऱ्या दिवशी एक एजंट घरी आला. गाड्यांची खबर अशा लोकांना वाऱ्यावरच लागते. म्हणाला, इंजिन उघडू नका, पैसे घालू नका. जाड ऑइल घाला, गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास गाडी फिरवून आणा, बाकी मी बघतो. साडेचार तरी नक्की देतो. आप्पा शेतावर होते. मी आणि भाऊ ऐकत होतो. मी लगेच नाही म्हणालो असं लिहायला मला आवडलं असतं. मी म्हणालो, "उद्या सांगतो."

रात्रभर माझ्या डोक्यात हेच. आम्हाला कुणी सांगितलं होतं का? बाजाराचा नियमच तो, बघून घ्या. ठेव आप्पांची, कर्ज आप्पांचं, चूक माझी, आणि साडेचार लाखांत ती पुसली जाणार. पहाटे भाऊ गोव्याहून परतला तेव्हा मी जागाच होतो. चहा पिताना मी विषय काढला. तो म्हणाला, "दादा, ही गाडी घेणारा काय लग्नाच्या वरातीला घेणार? त्योबी माल घालून ह्याच घाटात जाणार की." थोड्या वेळानं म्हणाला, "त्या दिवशी मला दोन लिटर देणारा भेटला गा. सगळ्यांस्नी भेटंल असं नाही."

एजंटला फोन त्यानेच केला.

आप्पांना सांगायचं राहिलं होतं. आम्ही दोघं तयारी करून त्यांच्यासमोर बसलो. मी सुरुवात केली, आप्पा, गाडीचं थोडं काम निघालंय. ते म्हणाले, "नागपंचमीपासनं वाट बघालोय, कोण सांगतंय म्हणून. सकाळी अंगणात धूर होतोय त्यो मला दिसत नाही व्हय? नाक हाय मला." मग माझ्याकडे बघून, "कॉम्प्युटरनं काय सांगितलं न्हाई व्हय ह्ये?"

पैशांवरून मात्र खरी वादावादी झाली. मी म्हणालो, सगळा खर्च माझा. भाऊ म्हणाला, गाडी माझी, धंदा माझा. काकू मधे पडल्या आणि निम्मे-निम्मे ठरलं. भावानं त्याचा निम्मा भाग उचल घेऊन दिला, हे मला नंतर कळलं, आणि त्यावर मी काही बोललो नाही. त्याला जसं मला वाईट वाटू द्यायचं नव्हतं, तसंच.

इंजिन उघडलं त्या दिवशी मी तिथेच होतो. तिसऱ्या पिस्टनची ऑइलची रिंग खाचेत घट्ट बसलेली, काळ्या कार्बननं चिकटून. ऑइल परत खाली जायची बारीक छिद्रं बुजलेली. मेस्त्रींनी ती खिळ्यानं टोकरून दाखवली. आधीच्या मालकानं ऑइल बदलायला वेळच्या वेळी नेलं नसणार. नुसतं वरून ओतत राहिला असणार. लायनरवर बोट फिरवलं तर वरच्या बाजूला झिजेची धार नखाला लागत होती. आकृतीत मी ती भिंत पट्टीनं सरळ काढली होती.

मंडळातलं कुणी शेतीसाठी, धंद्यासाठी अशी गाडी बघत असेल तर माझ्या चुकांच्या पैशात एवढं घ्या. सांगून जाऊ नका. जायचंच तर भल्या सकाळी जा, आणि चावी फिरवायच्या आधी बॉनेटवर हात ठेवा. पहिल्यांदा सुरू करताना एकाला मागे उभं करा. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून बघा. शक्य असेल तर माल घालून एखादा चढ चढवा, कारण रिकाम्या गाडीला सगळं झाकता येतं. मालकाशी बोला, पण चहाला ड्रायव्हरबरोबर जा. दिवसाला किती ओततोस, असं थेट विचारा. ओततोस का, असं विचारू नका. मेस्त्री जत्रेला गेला असेल तर जत्रा संपेपर्यंत थांबा, गिऱ्हाईक दुसरं येवो की तिसरं. आणि सीटमागे हात घाला.

तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात गाडी घरी आली. पहिले हजार किलोमीटर जपून चालवायची होती, रिंगा नव्या लायनरवर बसेपर्यंत. म्हणून भावानं माल निम्माच नेला. त्या हजारात ३०० मिली ऑइल गेलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मेस्त्री म्हणाले, बसू दे. पुढच्या हजारात १०० गेलं. त्यानंतर मोजण्याइतकं काही गेलेलं नाही.

ज्याच्याकडून गाडी घेतली त्याचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये आहे. कधी लावला नाही.

आता दर रविवारी सकाळी भावाचा फोटो येतो, डिपस्टिकचा. मागे अंगण, कधी कोंबडीचा पाय. मी पुण्यात चहा घेताना तो मोठा करून बघतो, ऑइल काळंभोर आणि वरच्या खुणेला टेकलेलं. गेल्या रविवारी नऊ वाजले तरी फोटो नाही. दहाला मी फोन केला. मागे म्हापशाच्या बाजाराचा गलका. जादा फेरी लागली होती, मिरची उतरवणं चाललं होतं.

"बघितलास काय?" मी विचारलं.

"आत्ताच आलोय न्हवं," तो म्हणाला. "गाडी थंड होऊंदे की जरा."